बाप्तिस्म्याचं पाणी

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला, हातावरचे डाग अजून जायचे आहेत, आणि धानाच्या रोवणीला थोडा अवकाश आहे. अशा मधल्या दिवसांत आमच्या गटाची बैठक लांबते. हिशेब लवकर होतो आणि गोष्टी मागे उरतात. या वेळी मागे उरलेली गोष्ट आम्हाला तीन बैठका पुरली. म्हणून आज ती रेडिओवर आणली आहे.

आमच्या गटात सगळ्या तऱ्हेच्या बाया आहेत. कुणी बौद्ध, कुणी गोंड, काही कुणबी-तेली, आणि दोघी ख्रिस्ती. त्यांच्यापैकी एका ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नर्सिंग शिकते, मुलगा चांगला, घर चांगलं, दोन्ही घरं ख्रिस्तीच. आम्हाला वाटलं, आता काय अडचण? पण मुलाकडचे दुसऱ्या मंडळीचे. त्यांनी सांगितलं की मुलीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, नदीत पूर्ण बुडून. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलं होतं तो बाप्तिस्मा आम्ही धरत नाही.

ताई बैठकीत रडली. म्हणाली, "माझ्या आईला असाच दिला, मला असाच दिला, हिला असाच दिला. मग आमच्या तीन पिढ्या खोट्या का?"

आम्ही बाकीच्या गप्प. येशू एक, पुस्तक एक, मग भांडण कसलं, हेच आम्हाला कळेना. म्हणून आम्ही विचारपूस केली, पाळकांना विचारलं, फादरांना विचारलं, मिळतील ती पुस्तकं वाचली. एवढं कळलं की हे भांडण आपल्या जिल्ह्यात जन्मलेलं नाही. ते फार लांबून आलं आणि इथे येऊन मुक्कामी राहिलं.

आपल्याकडच्या जुन्या मिशनांपासून सुरुवात करू. नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. शाळा काढली, दगड-माती अभ्यासली, गोंडांच्या लिंगोची कथा लिहून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीच्या पुरात ते वाहून गेले. त्यांनी लिहून ठेवलेलं त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापलं गेलं. आज नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते त्यांच्याच नावाचं. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मिशन आलं तेही स्कॉटलंडचंच, पण दुसऱ्या चर्चचं. त्याला एपिस्कोपल म्हणतात, म्हणजे बिशप मानणारं. आणि तिकडे खाली गोदावरी-प्राणहितेच्या काठी सिरोंच्याला अमेरिकेचे मेथडिस्ट.

एकाच देशातून आलेल्या दोन मिशनांत एवढा फरक कशाचा? बिशपचा. चांद्याचे म्हणत, येशूच्या शिष्यांनी डोक्यावर हात ठेवून दिलेला अधिकार बिशपांच्या हातून हातात चालत आला आहे, बिशपाशिवाय चर्च पुरं होत नाही. नागपूरचे म्हणत, मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून ठरवतील, वर साहेब नको. आम्ही आपापसात म्हटलं, हे तर कलेक्टर आणि ग्रामसभेसारखं झालं. मेंढा-लेखाच्या बाया असत्या तर कुठे बसल्या असत्या ते सांगायला नको.

यावरून स्कॉटलंडमध्ये लढाया झाल्या आहेत. १६३७ मध्ये राजाने तिथल्या चर्चवर नवं प्रार्थनेचं पुस्तक लादलं. एडिनबर्गच्या मोठ्या चर्चमध्ये ते वाचायला सुरुवात होताच जेनी गेडीस नावाच्या भाजीवालीने आपलं बसायचं स्टूल उचलून वाचणाऱ्याच्या दिशेने भिरकावलं, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दंगल उसळली ती मात्र पक्की. पुढल्या दोन वर्षांत राजाशी युद्ध पेटलं. हे ऐकून आमची एक मावशी म्हणाली, "बाजारात बसणारी बाई होती न, ती ऐकून घेणारच नाही."

पण चांद्यातल्या माणसाला या स्टुलाशी काय देणंघेणं? काहीच नाही. मिशनांनी आपसात प्रदेश वाटून घेतले होते, एकाच्या भागात दुसऱ्याने शिरायचं नाही. त्यामुळे चांद्याला ख्रिस्ती झालेली बाई आपोआप बिशपवाली झाली, नागपूरची वडीलवाली, सिरोंच्याची मेथडिस्ट. कुणी तिला विचारलं नाही की तुला बिशप पटतो का. नदीच्या कोणत्या काठाला घर आहे यावरून तिचं मत ठरलं. आमच्या ताईच्या घराचंही तसंच झालं.

आता पाण्याकडे येऊ. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं असा आहे. पण आपल्या मराठी बायबलात 'बुडवणं' नाही, 'बाप्तिस्मा' हा शब्दच तसाच ठेवला आहे. अर्थ लावला की भांडण, म्हणून शब्द झाकून ठेवला असं म्हणा हवं तर. बंगालमध्ये बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी आपल्या भाषांतरात बुडवण्याचा अर्थ आणला, तेव्हा पैसे देणाऱ्या बायबल सोसायटीने हात आखडता घेतला होता. मराठीतला पहिला छापील नवा करार १८११ चा, तोही याच बाप्टिस्टांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून आला.

एक बाजू म्हणते, बाळ आईबापाच्या विश्वासात जन्मतं, देव आधी जवळ घेतो आणि समज मागून येते, म्हणून बाळाला बाप्तिस्मा द्यावा. दुसरी बाजू म्हणते, ज्याला 'मी मानतो' असं म्हणता येत नाही त्याला कसला बाप्तिस्मा? आधी समज, मग पाणी. १५२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिच गावात काही जणांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. राज्यकर्ते इतके चिडले की १५२७ च्या जानेवारीत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला हातपाय बांधून नदीत बुडवून मारलं. तुला पाणी हवं ना, मग घे पाणी. मारणारेही ख्रिस्तीच होते, पोपविरुद्ध नुकतेच उठलेले.

आमच्यातल्या जुन्या दाईला सगळ्यांत जास्त रस दुसऱ्याच गोष्टीत वाटला. रोमन कॅथलिक चर्चचं फार जुन्या काळापासून असं मत आहे की बाळ जगत नाही असं दिसलं आणि फादर जवळ नसला तर कुणीही त्याला बाप्तिस्मा द्यावा. सुईणीनेही द्यावा. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तर स्पष्ट म्हटलं की बाई देऊ शकते, ख्रिस्ती नसलेला माणूसही देऊ शकतो, फक्त पाणी, नाव आणि हेतू खरा हवा. युरोपात शेकडो वर्षं सुईणींनी असे बाप्तिस्मे दिले. मग कॅल्व्हिनसारखे सुधारक आले. ते म्हणाले, बाळ देवाचंच आहे, पाण्यावाचून त्याचं काही अडत नाही, आणि बाईने हे काम करू नये. इंग्लंडात १६०४ मध्ये राजा जेम्सच्या पुढाकाराने हे काम फक्त दीक्षा घेतलेल्या पाळकाचं ठरलं. म्हणजे बाळ पाण्यावाचून मेलं तर त्याचं काय होणार ही भीती एका मताने काढली खरी, पण त्याच हाताने सुईणीच्या ओंजळीतलं पाणीही काढून घेतलं. यात नफा किती आणि तोटा किती, यावर आमची पूर्ण बैठक गेली. दाई शेवटपर्यंत जुन्या मताची राहिली.

या सगळ्या वादात मधोमध उभी राहिलेली आणि कुणाचं न ऐकलेली एक बाई आपल्या मराठीत होऊन गेली. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात विधवांसाठी शाळा काढणारी म्हणून नाव येतं. तिने इंग्लंडच्या बिशपांशी वाद घातला होता हे मात्र पुस्तकात नव्हतं.

रमाबाईही रानातलीच. १८५८ मध्ये गंगामूळच्या जंगलात जन्मली. वडिलांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाने त्रास दिला होता, तेव्हा ते रानात जाऊन राहिले होते. दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. भावाबरोबर पायी भारतभर फिरत ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न केलं, नवरा दोन वर्षांच्या आत पटकीने गेला. कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये ती पोरीला घेऊन इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात तिने बाप्तिस्मा घेतला. हा मठ इंग्लंडच्या चर्चमधल्या फार कडक विधी पाळणाऱ्या बाजूचा. तिथली सिस्टर जेराल्डिन तिची धर्ममाता झाली.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाईने सगळं मान्य केलं असं जेराल्डिनला वाटलं. रमाबाईने तसं मानलं नाही. तिला येशू पटला होता, त्याची शिकवण पटली होती. पण बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन मिळून एक देव, ज्याला ख्रिस्ती लोक त्र्यैक्य म्हणतात, ते तिला पटेना. शेंडीपासून टाचेपर्यंत वेदान्त शिकलेली बाई, देव एक म्हणजे एक. कुमारीच्या पोटी जन्म झाला यावरही तिने प्रश्न केले. इंग्लंडच्या चर्चमध्ये एक जुना मतांगीकार म्हणत असत, त्यात हे सगळं न मानणारा नाश पावेल असं आहे. ते तर तिला मुळीच मान्य नव्हतं. पुस्तकात कुठे लिहिलंय ते दाखवा, असं ती विचारायची.

जेराल्डिन चिडायची. तिच्या मते रमाबाई गर्विष्ठ होती, नवी शिष्या असून गुरूला शिकवत होती. रमाबाई मांसच काय, अंडंही खात नसे. तर त्यातही जेराल्डिनला जातीचा अभिमान दिसला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाली, मला लॅटिन येत नाही आणि माझ्या माणसांनाही येत नाही, संस्कृत का नको? ती चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होती, तिथे मुलग्यांनाही शिकवायची वेळ आली, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची अब्रू जाईल म्हणे. हिंदुस्थानात भर सभेत पंडितांसमोर बोललेल्या बाईबद्दल हे! कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र तिची बाजू समजून घेतली. तिच्या शंकांना पत्रांतून शांतपणे उत्तरं दिली, पटवलं नाही तरी ऐकलं.

१८८५ च्या मे महिन्यात रमाबाईने जेराल्डिनला एक पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की एका देशातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, दुसऱ्यांचं घालून घेण्याची आता माझी तयारी नाही. देवाने मला विचार दिला आहे, तो मी वापरणार. हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही. वाद मनोरमेपर्यंत गेला. पोरीला मठात काय शिकवायचं, हे आई ठरवणार की मठ? जी गोष्ट मला स्वतःला पटलेली नाही ती माझ्या लेकीला पाठ करायला लावू नका, असं रमाबाईचं म्हणणं होतं.

तिला अनेक पंथ बघून गोंधळायलाही झालं होतं. इंग्लंडात, मग अमेरिकेत गेली तर तिथे आणखी पंथ, आणि प्रत्येक जण त्याच बायबलातून आपलं मत काढून दाखवतो. पुढे तिने आत्मकथनात लिहिलं आहे की हिंदू धर्मातली मतमतांतरं सोडून आले तर इथेही तेच. शेवटी ती कुठल्याच एका चर्चची झाली नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, मग पुणं, मग केडगावचं मुक्ती मिशन, ज्यात सगळ्या पंथांचे लोक कामाला होते. पुढल्या काळात येशूचं देवपण तिने मनापासून मानलं, पण तिच्या स्वतःच्या वेळी आणि स्वतःच्या वाटेने. १८९६-९७ च्या दुष्काळात ती आपल्या मध्य प्रांतात आली आणि उपाशी बाया-पोरींना घेऊन गेली. उपासाने आई गेलेली बाई होती ती. तिथे तिने कुणाला तुझा बिशप कोणता असं विचारलं नसणार.

आणि एक गंमत. १९०५ मध्ये याच मुक्तीमध्ये मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू-ओरडू लागल्या, आत्मा उतरला असं म्हणू लागल्या. जगभर पुढे जो पेंटेकॉस्टल पंथ पसरला त्याच्या सुरुवातीच्या घटनांत हिचं नाव घेतात. आज नदीत बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या ज्या नव्या मंडळ्या गावोगाव दिसतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचं मूळ या लाटेशी जोडलेलं आहे. म्हणजे ताईच्या व्याह्यांचंही रमाबाईशी नातं निघालं.

कवी नारायण वामन टिळक यांचंही थोडं सांगायला हवं, कारण त्यांची वाट आपल्याच भागातून जाते. नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं घेतला नाही. घेतला तो स्वतःला पटल्यावर, १९०० मध्ये. त्या पाच वर्षांत त्या घराने काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त वाचा, वाचनालयात असतं. आणि ज्या टिळकांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार मोडू दिलं, त्यांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात बसायला जागा होती.

हे झालं एकेकट्या माणसांचं. चर्चं एकत्र आली ती आपल्या नागपुरात. १९२९ मध्ये बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एक्केचाळीस वर्षं बोलत होते! आमच्यातल्या एकीने विचारलं, एवढं काय बोलत होते? हेच दोन प्रश्न, बिशप आणि पाणी. सहांमध्ये बिशपवाले होते, वडीलवाले होते, फक्त मोठ्या माणसाला बुडवणारे बाप्टिस्ट होते, आणि गुजरातकडचे ब्रदरन होते, जे माणसाला पुढे वाकवून तीनदा बुडवतात. तोडगा असा निघाला की बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठ्याचा बाप्तिस्मा दोन्ही खरे. कुणाला लहानपणी मिळाला असेल आणि आता पुन्हा हवा असं वाटलं, तर ते प्रकरण बिशपकडे न्यायचं, पाळकाने परस्पर उरकायचं नाही. बिशप राहतील, पण वडील आणि मंडळीही ठरवण्यात राहतील.

नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात तो सोहळा झाला. सगळ्या चर्चच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे होते. ही नवी दीक्षा होती की जुन्या दीक्षेवरचा आशीर्वाद? बिशपवाल्यांनी एक समजावं, बाकीच्यांनी दुसरं, आणि देवाला खरं माहीत, अशी प्रार्थनेची भाषा मुद्दाम ठेवली होती. कुणाला ही पळवाट वाटेल. आम्ही सासर-माहेर सांभाळणाऱ्या बाया, आम्हाला ती शहाणपणाची वाटली. चांद्याचं जुनं चर्च असं या एकीत गेलं. सिरोंच्याचे मेथडिस्ट ज्या अमेरिकन शाखेचे, ती शाखा मात्र अगदी शेवटच्या घडीला मागे फिरली आणि आजही वेगळी आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आता बायकांनाही पाळक म्हणून दीक्षा मिळते.

बल्लारपूरचे कॅथलिक या गणितात नव्हते. त्यांची कथा केरळची आहे. येशूचा शिष्य थॉमस आपल्याकडे आला असं मानणारे, सिरियाक भाषेत उपासना करणारे हे जुने ख्रिस्ती. पोर्तुगिजांनी १५९९ च्या उदयंपेरूरच्या सभेत त्यांच्यावर आपल्या रिती लादल्या, आणि १६५३ मध्ये मट्टनचेरीला क्रूसाला दोर बांधून, तो दोर धरून लोकांनी शपथ घेतली की त्या पाद्र्यांचं राज्य मानणार नाही. त्यातले पुष्कळ पुढे पोपकडे परतले, पण रीत आपलीच ठेवली. त्यांना केरळबाहेर कामासाठी पहिला प्रदेश मिळाला तो १९६२ मध्ये, आणि तो आपला चांदा. त्यांच्या फादरांनी ताईला सांगितलं, पाणी आणि तीन नावं घेऊन कुणीही दिलेला बाप्तिस्मा आम्ही पुन्हा देत नाही. एकदा झाला तो झाला.

हे ऐकून ताईच्या जिवाला बरं वाटलं. पण मुलाकडचे ना कॅथलिक ना नागपूरच्या एकीतले. त्यांचं मत त्यांच्यापाशी खरं आहे, त्यासाठी नदीत जीव दिलेली माणसं त्यांच्यामागे आहेत, हेही आता आम्हाला माहीत आहे.

मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा आम्ही तिला रमाबाईच्या पत्राचं सांगितलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग तिने मुलाला स्वतः लिहिलं. मोबाइलवर नाही, कागदावर. त्यात तिने एवढंच विचारलं की मी नदीत उतरायला तयार आहे, पण माझ्या आईने दिलेलं पाणी खोटं होतं असं मला म्हणायला लावणार नाही ना? आणि उद्या आपल्याला लेकरू झालं तर त्याचं आपण दोघं मिळून ठरवू ना?

उत्तर यायचं आहे. ताई म्हणते, रोवणी होऊ द्या, मग तारखेचं बघू.